सात नंबरची खुर्ची

“बरं, नाव नको सांगूस. कंपनी आपल्या न्यू जर्सीतली की बाहेरची, एवढंच सांग,” एनियो म्हणाला.

“ब्रॉकोली संपव,” फिलोमिना म्हणाली.

“म्हणजे जर्सीतलीच.”

“एनियो, मी ब्रॉकोलीबद्दल बोलतेय.”

गेले पाच आठवडे हॅमंटन गावातल्या कॅटाल्डींच्या घरात रोज रात्रीच्या जेवणाला हा तमाशा चालला होता. एनियो रस्तेखात्यातून निवृत्त झालेला. तेव्हापासून गावात कुणाकडे काय शिजतं याचा वास त्याला घरच्यांच्या आधी लागायचा. अशा माणसाच्या बायकोला अटलांटिक सिटीच्या कोर्टात ज्युरीवर बसवलं होतं आणि न्यायाधीशबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की खटल्याबद्दल नवऱ्याशी, बहिणीशी, पाद्र्याशी, कुणाशीही अवाक्षर बोलायचं नाही. बातम्या पाहायच्या नाहीत, फोनवर शोधाशोध करायची नाही. गावभर खबरी पुरवणाऱ्याच्या स्वतःच्या घरात एवढी मोठी खबर रोज संध्याकाळी येऊन जेवायला बसत होती आणि त्याला तिचं शेपूटही धरता येत नव्हतं. बिचाऱ्याचं पोट दुखत होतं.

फिलोमिनाला मात्र हे सुख नवीन होतं. ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. कोटावरचा डाग कशाचा, हे गिऱ्हाईक सांगायचं, तो निघेल की नाही हे मालक ठरवायचा, आणि ती पावती फाडायची. घरी गाडीचा रंग, छपराचा कारागीर, निवडणुकीत मत कुणाला, सगळं एनियो ठरवायचा. तो वाईट नव्हता. त्याला सुचायचंच इतकं भराभर, की ती तोंड उघडेपर्यंत त्याचं ठरून गेलेलं असायचं. तिचं मत काय, हे लग्नाच्या चौतीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आणि आता सरकारनेच पत्र धाडून बोलावलं होतं, की या, बसा, ऐका, आणि तुम्हाला काय वाटतं ते सांगा. सात नंबरच्या खुर्चीत ती बसली तेव्हा तिला पहिल्या दिवशी हसूच आलं होतं.

खटला लवर्न टिसडेल नावाच्या बाईचा होता. कॅमडेनची, शाळेत ग्रंथपाल, पन्नाशीच्या अलीकडची. लहानपणापासून ती कुरळे केस सरळ करायचं क्रीम लावत आली होती. इस्टरच्या आदल्या शनिवारी स्वयंपाकघरात आई तिला दोन जाडजूड फोन बुकांवर बसवायची आणि डोक्याला क्रीम चोपडायची. जळजळ व्हायला लागली की आई म्हणायची, अजून थोडा वेळ, बाळा. चाळिशीत तिला गर्भाशयाचा कॅन्सर झाला. कंपनीला धोका माहीत होता आणि तिने तो सांगितला नाही, असं लवर्नच्या वकिलांचं म्हणणं. कंपनी म्हणत होती, बाईंबद्दल वाईट वाटतं, पण त्यांच्या मावशीलाही हाच आजार होता, आणि त्यांनी आयुष्यात दहा तऱ्हांची क्रीमं वापरली. आमच्यामुळेच झालं हे कशावरून?

फिलोमिनाला दोन्ही बाजू पटायच्या. सकाळी एका डॉक्टरचं ऐकून ती मान डोलवायची आणि दुपारी दुसऱ्याचं ऐकूनही डोलवायची. घरी येताना गाडीत ती दोघांना मनातल्या मनात समोरासमोर बसवून भांडायला लावायची. कोर्टाच्या मागच्या बाकांवर रोज दहा-पंधरा वकील येऊन नुसतं लिहून घेत बसायचे. ते कोण, हे ज्युरीला कुणी सांगितलं नव्हतं. पण तिला वाटायचं, या एका बाईच्या खटल्यासाठी एवढी माणसं उगाच येणार नाहीत. लवर्नसारख्या आणखी कितीतरी बाया आपापले दावे घेऊन कुठेतरी थांबल्या असतील, आणि इथे शितावरून भाताची परीक्षा चालली असेल. तिचा अंदाज बरोबर होता, पण तो बोलून दाखवायला तिला मनाई होती.

ज्युरीत आठ जण होते. दुपारी ते एकाच खोलीत बसून सँडविच खायचे, आणि ज्या गोष्टीसाठी एकत्र आले होते तेवढी सोडून सगळ्यावर बोलायचे. पहिल्या खुर्चीतले कीटिंग विमा विकायचे, ते गोल्फवर बोलायचे. मरिसोल शाळेची बस चालवायची, ती पोरांच्या वांतीवर बोलायची. हार्लन स्टीलमन हा खाडीत शिंपल्या काढणारा म्हातारा, तो बोलायचाच नाही. कीटिंग एकदा म्हणून गेले, “मला बुवा शंभर टक्के खात्री लागते, घर घेतानासुद्धा.” खटल्याचं बोलणं नव्हतं ते, पण फिलोमिनाच्या हातातला घास थांबला.

न्यू जर्सीत ज्युरीला साक्षीदाराला प्रश्न विचारायची मुभा असते. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचा, न्यायाधीशबाई वाचणार, योग्य वाटला तर विचारणार. चार आठवडे कुणी काही विचारलं नाही. मग एका गुरुवारी कंपनीचा शास्त्रज्ञ साक्षीला बसला आणि क्रीमचा खोका टेबलावर ठेवला गेला. फिलोमिनाने हात वर केला. हात वर झाल्यावरच तिला कळलं की तो आपला आहे. तिने लिहिलं: खोक्यात हातमोजे दिले आहेत. मग डोक्यासाठी काय?

न्यायाधीशबाईंनी प्रश्न वाचून दाखवला. शास्त्रज्ञ सभ्य माणूस होता. त्याने थेट सात नंबरच्या खुर्चीकडे बघून उत्तर दिलं, की क्रीममध्ये क्षार असतो, त्याने हात भाजू नयेत म्हणून मोजे. डोक्याला आधी व्हॅसलीन लावायला सांगितलेलं असतं. आणि भाजणं वेगळं, कॅन्सर वेगळा. उत्तर चोख होतं. फिलोमिनाचा चेहरा लाल झाला. उगाच शहाणपणा केला असं तिला वाटलं. पण मान खाली घालायची तर समोर तो खोका होता, म्हणून ती त्याच्याकडेच बघत राहिली. खोक्यावर सहा-सात वर्षांच्या मुलीचा फोटो होता. दोन पोनीटेल, पुढचा एक दात पडलेला. आणि सकाळीच या माणसाने शपथेवर सांगितलं होतं की लहान मुलांवर काय परिणाम होतो याचा अभ्यास कंपनीने कधी केला नाही, कारण हे उत्पादन मोठ्यांचं समजून तपासलं होतं.

हे लवर्नच्या वकिलांनी नंतर मांडलंही, पण वीस मुद्द्यांतला एक म्हणून, घाईघाईत. तिच्या मनात मात्र ते रुतून बसलं. तिने ते घरी नेलं, भांडी घासताना उलटंपालटं करून पाहिलं. कंपनीच्या बाजूने जेवढं म्हणता येईल तेवढं स्वतःच म्हणून पाहिलं. मावशीचा आजार, दहा तऱ्हांची क्रीमं. तरी पारडं एका बाजूला झुकायचंच.

आणि पारडंच तर बघायचं होतं. शेवटच्या दिवशी न्यायाधीशबाईंनी दोन्ही हात तराजूसारखे पुढे धरून समजावलं, की दिवाणी दाव्यात शंभर टक्के खात्री लागत नाही. पारडं केसभर झुकलं तरी पुरे. सगळ्यांचं एकमतही लागत नाही, एकच जण विरुद्ध राहिला तरी निकाल होतो. फिलोमिनाने चोरून कीटिंगांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. ती मनात म्हणाली, काही हरकत नाही, आत गेल्यावर मी सांगेन ह्यांना. काय काय सांगायचं हे तिने वाक्यावाक्याने जुळवून ठेवलं होतं. एवढं लांबलचक बोलणं तिने आयुष्यात कधी तयार केलं नव्हतं.

मग न्यायाधीशबाई म्हणाल्या, “आता दोन राखीव सदस्य ठरवू.”

हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पण पाच आठवड्यांत ती विसरून गेली होती. खटला लांबला, कुणी आजारी पडलं तर हाताशी असावेत म्हणून आठ जण घेतात, पण विचारविनिमयाला सहाच जातात. पहिली खुर्ची मुख्याची, ती सोडून बाकीच्यांतून दोघं चिठ्ठी टाकून बाजूला काढतात. कारकुनाने हँडल असलेली एक जुनी लाकडी पेटी आणली आणि गरगर फिरवली. बाहेर दोन गल्ल्या सोडून जुगाराचे अड्डे होते. तिथली चक्रं अशीच फिरतात, असं कुणीतरी पुटपुटलं, आणि न्यायाधीशबाईसुद्धा हसल्या.

पहिली चिठ्ठी हार्लनची निघाली. दुसरी सात नंबरची.

ती उठली, पर्स घेतली, खुर्चीवर राहिलेला स्वेटर घेतला. बाकीचे सहा जण आतल्या दारातून गेले. मरिसोलने मागे वळून पाहिलं. दार लागलं आणि फिलोमिनाला रडू आलं. दार लावणाऱ्या शिपायाने कागदी रुमाल पुढे केला आणि म्हणाला, “काही जणांना बरं वाटतं, बाई. सुटलो म्हणतात.”

राखीवांना घरी सोडत नाहीत. आतल्या कुणाला काही झालं तर लागतात. तिला आणि हार्लनला मधल्या पॅसेजमधली एक छोटी खोली दिली. दोन खुर्च्या, एक कोड्यांचं पुस्तक. खटल्याबद्दल बोलायची मनाई तशीच होती. दोन दिवस ते तिथे बसले. भिंतीपलीकडून अधूनमधून आवाज चढायचा, शब्द कळायचे नाहीत. एकदा बराच वेळ एका बाईचा आवाज येत राहिला. फिलोमिना खुर्चीच्या कडेवर येऊन बसली.

“मरिसोल आहे,” ती म्हणाली.

हार्लनने कोड्यातून मान वर केली. बराच वेळ ऐकलं. “एकटी पडलीय,” तो म्हणाला. पाच आठवड्यांत तो तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मग त्याचे कान लाल झाले आणि त्याने पुस्तकात डोकं घातलं, कारण हेही बोलायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल लागला. राखीव दोघांना समोरच्या बाकावर बसवलं. कीटिंगांनी उभं राहून वाचलं: पाच विरुद्ध एक, कंपनीच्या बाजूने. न्यायाधीशबाईंनी एकेकाला विचारलं, हा तुमचा निकाल आहे का? पाच जण हो म्हणाले. मरिसोल म्हणाली, “नाही, माझा नाही,” आणि पुढेही काहीतरी बोलणार होती, पण पुढचं बोलायला तिथे जागा नव्हती.

पाच विरुद्ध एक. फिलोमिनाने हिशोब केला नाही म्हटलं तरी तो झालाच. त्या पाचांतल्या एकाच्या जागी ती असती, तर चार विरुद्ध दोन. मग निकालच लागला नसता. त्यांना पुन्हा बसावं लागलं असतं, आणि तिने खोक्यावरच्या मुलीबद्दल सांगितलं असतं. कदाचित कुणाला पटलं नसतं. पण ऐकावं तर लागलं असतं.

लवर्न टिसडेल रडली नाही. तिने टेबलावरचे कागद सारखे केले आणि वळून ज्युरीकडे, मग बाकावरच्या दोघांकडे पाहिलं. फिलोमिनाला सांगावंसं वाटलं, मी त्यांच्यात नव्हते. पण कोर्ट बसलेलं होतं आणि तिथे बोलायचं नसतं. बाहेर येईपर्यंत लवर्न निघून गेली होती. न्यू जर्सीत निकालानंतर वकीलही ज्युरीला काही विचारायला येत नाहीत, कायदाच तसा आहे. सहीशिक्क्याचं आभारपत्र मिळालं, आणि मनाई उठली.

घरी एनियो दारातच उभा होता. बातमी त्याने रेडिओवर ऐकली होती. आपण राखीव निघालो, एवढंच तिने आदल्या रात्री सांगितलं होतं. शेवटी कंपनीचं नाव, बाईचं नाव, सगळं त्याच्या हाती लागलं होतं आणि तो नुसता फुलून गेला होता.

“हरली ना ती बाई? तू राखीव निघालीस ते बरं झालं, डोक्याला ताप नाही,” तो तिचा कोट घेत म्हणाला. “मी असतो तर डोळे मिटून तिच्या बाजूनं दिलं असतं. या कंपन्या सगळ्या चोर.”

“तू पुरावा ऐकला नाहीस,” फिलोमिना म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. पण एनियोने कोट हातातच धरून तिच्याकडे पाहिलं. मग त्याने तो खुंटीला लावला, आणि रोज रात्री हॉलमध्ये बडबडणारा टीव्ही बंद करून आला. टेबलाशी तिच्यासमोर बसला.

“मग सांग,” तो म्हणाला. “तुला काय वाटलं ते सांग.”

तिने लगेच नाही सांगितलं. पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. कॅमडेनचं स्वयंपाकघर, फोन बुकं, इस्टरचा शनिवार, जळजळ. मग आजार, ऑपरेशन, पहिला डॉक्टर काय म्हणाला, दुसरा काय. पास्ता गार झाला. एनियो मध्ये मध्ये तोंड उघडायचा आणि मिटायचा. मुलीच्या फोटोपाशी ती आली तेव्हा त्याला राहवेना. त्याने टेबलावर हात आपटला.

“झालं तर मग! याच्यापुढे आणखी काय पाहिजे?”

“थांब,” फिलोमिना म्हणाली. “अजून कंपनीची बाजू व्हायचीय.”