खेचर मेलं होतं

रणांगणावर सांडलेल्या रक्ताच्या थेंबाथेंबाची नोंद मायभूमीच्या दप्तरी अजरामर राहते, असं सैन्याच्या दप्तर-कचेरीच्या दारावर हातभर उंच अक्षरांत लिहिलं होतं. दाराला कुलूप होतं. किल्ली ज्याच्याकडे होती तो जेवायला गेला होता, आणि तो जेवून परत आला तेव्हा कचेरी बंद व्हायची वेळ झाली होती.

खेचऱ्याने हे वाक्य इतक्या वर्षांत इतक्या वेळा उभ्याने वाचलं होतं, की झोपेतही म्हणायचा. दर साली पीक घरात आलं की तो तालुक्याला जायचा, अर्ज द्यायचा आणि पुढच्या पिकापर्यंत उत्तराची वाट बघायचा. शेती आणि अर्ज या दोन्हींत पेरणं आपल्या हातात असतं, एवढं त्याला पटलेलं होतं.

मागणं साधं होतं. लढाईत तो खेचरांच्या तुकडीत होता. डोंगरावर दारूगोळा चढवायचा, उतरताना जखमी आणायचे. एका सकाळी वाटेतच त्याच्या खेचराला गोळी लागली आणि ते बसकण मारून मेलं. त्याच्यावर लादलेला जखमी गडी खेचऱ्याने आपल्या पाठीवर घेतला आणि वरून गोळ्या पडत असताना खाली आणला. खालच्या तंबूतल्या कारकुनाने रोजच्या सवयीने लिहिलं, ‘जखमी खेचरावरून आणला.’ पुढे मोठ्या साहेबांनी विचारलं, एवढ्या माऱ्यातून हा जखमी खाली आणला कुणी? कागद बघितला गेला. शौर्यपदक खेचराला मिळालं.

आता खरं खेचर तर डोंगरावर गिधाडांनी संपवलेलं. पण तबेल्यात खेचरांचा काय तोटा? त्यातलं एक धुऊन पुसून उभं केलं, गळ्यातल्या पट्ट्याला पदक अडकवलं, आणि त्याचा फोटो साहेबलोकांच्या जेवणघरात लावला. गावाला हे कळलं त्या दिवसापासून याचं आईबापांनी ठेवलेलं नाव गेलं ते गेलंच. सगळे खेचऱ्या म्हणू लागले. सभ्य माणसं खेचरराव म्हणत.

“मला मोठेपणा नको,” तो बायकोला म्हणायचा. “मरायच्या आधी एकदा कागदावर माणूस व्हायचंय.”

“आधी घरात तर व्हा,” बायको म्हणायची आणि शेळीचं दावं त्याच्या हातात द्यायची.

त्या वर्षी मात्र उत्तर आलं. साहेब स्वतः गावात येऊन चौकशी करणार होता. अट एकच होती, डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार हजर करावा.

साक्षीदार जिवंत होता. एकच होता, पण जरा जास्तच जिवंत होता. पाठीवरून आणलेला तो जखमी म्हणजे खेचऱ्याचा मेहुणा. लढाईनंतर जमलेल्या मैत्रीतून त्याची बहीण खेचऱ्याच्या घरात आली होती. दोघांची शेतं बांधाला बांध लागून होती, आणि बांधाला बांध लागला की मैत्रीचं काय होतं हे शेतकऱ्याला सांगायला नको. मेहुण्याला गाव स्वार म्हणायचं. पायात गोळी असताना आपण खेचरावर ताठ बसून, छाती काढून डोंगर उतरलो, ही गोष्ट त्याने इतक्या वेळा सांगितली होती, की ऐकणाऱ्यांना ते खेचर हळूहळू घोडं वाटायला लागलं होतं. न्हाव्याच्या ओट्यावर त्याला बसायला कोपऱ्यातली सावलीची जागा होती ती त्या गोष्टीवरच.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. इथे खेचराला मेहुण्याचे धरायचे होते.

“दाजी, तुम्ही मागितलं आणि मी नाही म्हणालो असं झालंय का?” स्वार बांधावर बसून म्हणाला. खरं तर असंच नेहमी झालं होतं. “पण खरं सांगू का, तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. खाली जे काय होतं त्याला पाय किती होते हे मी मोजलं नाही.”

“दोन होते.”

“असतील. तुम्ही म्हणता म्हणजे असतील. पण सरकारी माणसापुढे खोटं बोलायचं म्हणजे…”

“खरंच बोलायचंय की रे तुला.”

“तेच अवघड असतं, दाजी.” त्याने मान वर करून झाडाकडे पाहिलं. “ही तुती काय माजलीय. अर्धी सावली माझ्या मक्यावर पडते बघा. एवढ्या खोडात दाराची चौकट सहज निघेल.”

तुती खेचऱ्याने लढाईहून परत आल्यावर लावलेली. सगळ्या रानात तेवढीच एक सावली होती. बायको दुपारची त्याच सावलीत टेकायची, शेळ्यांना पाला तिचाच. खेचऱ्याने बुंध्यावर हात ठेवला.

“साक्ष झाली की तोड,” तो म्हणाला.

घरी बायकोने ऐकलं आणि पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली. “माझा भाऊ आहे म्हणून सांगते, त्याच्याकडून उसना विस्तव घेतला तरी राख मोजून मागेल. आणि मी बसू कुठे दुपारची?”

“पदकाच्या सावलीत बस,” खेचऱ्या म्हणाला. त्या दिवशी त्याला विनोद सुचत होते.

साहेब आला तो ऐन उन्हाचा. माळावर धग अशी, की दगडांवर हात ठेववत नव्हता आणि वारा सुटला की तोंडात माती करकरायची. साहेब तरुण होता आणि अतिशय नम्र होता. नम्र माणसाचं खेचऱ्याला आधीपासूनच भय वाटे. विहिरीजवळ खुर्ची टाकली. गाव जमलं. न्हावी धोपटी घेऊनच आला, कारण एवढी माणसं एका जागी बसलेली पुन्हा कधी सापडणार?

“तुम्हाला कुणी आणलं?” साहेबाने विचारलं.

स्वार उठला. गावाकडे पाहिलं. “साहेब, डोळे मिटलेले होते. चेहरा मी सांगू शकत नाही. पण पाठ ओळखीन.”

“म्हणजे?”

“पाठीवर बसलो तर सांगेन, हीच का ती.”

हे बांधावरच्या बोलण्यात ठरलं नव्हतं. खेचऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. स्वार विहिरीच्या रहाटाकडे बघत होता. गावापुढे एकदा दाजींच्या पाठीवर बसून मिरवायचं आणि मग हवं ते बोलायचं, एवढंच त्याच्या मनात असावं. पण साहेबाला ती कल्पना फार आवडली.

“प्रात्यक्षिक,” तो म्हणाला. “उत्तम. उतार कुठे आहे?”

उतार म्हणजे गावामागची टेकडी. सगळा सुटा मुरूम, शेळ्याही तिथे देवाचं नाव घेऊन उतरायच्या.

“दादा, चालत ये तू,” बायको म्हणाली. “यांना उठता-बसता कंबर धरावी लागते. आणि तुझं अंग बघ. खायला काळ आणि भुईला भार.”

“ताई, मी सरकारी कामात आहे,” स्वार म्हणाला.

“घोडामैदान जवळच आहे,” न्हावी म्हणाला. “घोडं कुठलं ते तेवढं ठरायचंय.”

वर गेल्यावर स्वाराने वहाणा काढल्या आणि खडकावर नीट जोडून ठेवल्या. “दाजी, तुम्ही मानाचे. वहाणा घालून तुमच्या अंगावर चढायचं म्हणजे शोभत नाही.”

मग तो चढला.

पहिल्या पावलालाच खेचऱ्याला कळलं, की तेव्हाचं ओझं निराळं होतं. तेव्हा पाठीवर हाडांचा पोरगा होता आणि रक्ताने ओला होता. आता तीच हाडं चाळीस वर्षांच्या तुपात घोळलेली होती. मुरूम पायाखालून सटकत होता. खालून गाव हसत होतं. कुणी चुचकारत होतं, कुणी टाचा मारायला सांगत होतं. स्वाराने हात वर करून सगळ्यांना दाखवला. खेचऱ्याच्या मनात आलं, त्यापेक्षा गोळ्या बऱ्या. गोळ्यांना निदान नेम चुकायची सवय असते.

मध्यावर गुडघा लचकला. तो वाकला, एक हात जमिनीला टेकला, दगड पोळला, आणि त्याच्या तोंडातून आपोआप निघालं, “चल राजा. उतार आहे. बघून. चल.”

खेचरांशी तो असंच बोलायचा. त्या सकाळी खेचर मेल्यावर स्वतःशीच बोलला होता.

स्वाराचा वर केलेला हात खाली आला. मेहुण्याने त्याच्या गळ्याभोवती दोन्ही हात घातले. तिथून विहिरीपर्यंत ते त्याने सोडले नाहीत.

खाली टेकल्यावर खेचऱ्या सरळ झालाच नाही. कमरेत काहीतरी अडकलं होतं. तो तसाच, जमिनीकडे बघत उभा राहिला.

“हेच होते साहेब,” स्वार म्हणाला. आवाज एवढा बारीक होता, की साहेबाने पुन्हा विचारलं. “हेच होते. खेचर नव्हतं. खेचर वरच मेलं होतं. मी रडत होतो आणि हे मला चल राजा म्हणत होते.”

न्हाव्याचा वस्तरा कुणाच्या तरी गालावर थांबला.

“आणि इतकी वर्षं मला काय सांगितलंस?” बहिणीने विचारलं.

“माणसाच्या पाठीवर बसून आलो म्हटलं तर ओट्यावर जागा कोण देतं, ताई?”

खेचऱ्याला वर बघता येत नव्हतं, पण सगळ्यांचे पाय दिसत होते, आणि ते पाय आपल्याकडे वळलेले आहेत हेही दिसत होतं. त्याला वाटलं, हे असंच थोडा वेळ राहावं.

साहेब लिहीत होता. लिहून झाल्यावर त्याने वाचून दाखवलं, कारण नम्र माणसं वाचून दाखवतात.

“अर्जदाराने जखमीस स्वतः वाहून आणले, हे सिद्ध झाले.”

खेचऱ्याच्या बायकोने पदराने तोंड पुसलं.

“तथापि अर्जदाराने आज वृद्धापकाळी, याहून अधिक वजन घेऊन, तशाच उतारावरून तीच कृती पार पाडली. म्हणजे तरुणपणी ती त्याच्या सामान्य कुवतीतली होती. पदक असामान्य कृत्यास दिले जाते. सबब अर्ज नामंजूर.”

साहेबाने कागद मिटला.

“साहेब,” खेचऱ्या जमिनीला म्हणाला, “तेव्हा वरून गोळ्या येत होत्या.”

“मला ठाऊक आहे, आजोबा. पण गोळीबाराचं प्रात्यक्षिक घ्यायचा मला अधिकार नाही.”

“आणि मी आज पडलो असतो तर?”

“तर तुमचा दावाच खोटा ठरला असता.” साहेबाला खरोखर वाईट वाटत होतं. “तुमचं नशीब, पडला नाहीत.”

“मग खेचराचं पदक?”

“ते काढता येत नाही. दिलेला सन्मान परत घेणं बरं दिसत नाही.”

खेचऱ्या विचारात पडला. वाकलेला माणूस विचारात पडलेला आहे हे कळायला जरा वेळ लागतो.

“मग एवढं तरी लिहा साहेब, की ते मेलं होतं. गुणी जनावर होतं. तुमच्या कागदावर ते अजून ओझी वाहतंय.”

साहेबाने पुन्हा कागद उघडला, चाळला, मिटला. “त्याची नोंद वेगळी आहे. त्यासाठी खेचराच्या वारसाने अर्ज करावा लागेल.”

“खेचराला वारस?” न्हावी म्हणाला, आणि अडकून बसलेलं सगळं हसू गावाला एकदम फुटलं. साहेबसुद्धा गाडीत बसता बसता हसला, त्याला विनोद मागाहून कळला.

धूळ बसली. माणसं पांगली. न्हाव्याच्या ओट्यावर कोपऱ्यातल्या सावलीत कुणीतरी दुसराच जाऊन बसला होता. स्वाराने ते पाहिलं आणि विहिरीच्या कठड्यालाच टेकला. बायको नवऱ्याची कंबर चोळत होती. कंबर सरळ होत नव्हती.

“दाजी, तुतीचं ठरलं ते ठरलं हं,” स्वार जरा वेळाने म्हणाला. “मी खरं बोलायचं कबूल केलं होतं. पदक द्यायचं नाही.”

“तोड,” खेचऱ्या म्हणाला.

“उद्या सकाळी गडी घेऊन येतो.”

“ये.”

स्वार उठला. तापलेल्या जमिनीवर एक पाय टेकवला, झटकन उचलला, दुसरा टेकवला, तोही उचलला आणि पुन्हा कठड्यावर बसला. टेकडीकडे बघितलं. मग वाकलेल्या दाजींकडे बघितलं. आवाजात परत तो जुना मान आला.

“दाजी,” तो म्हणाला, “माझ्या वहाणा तेवढ्या वर राहिल्यात.”