नफीसाबाईंचा फिका हेकरू

तेविसावा रोजा सरला तरी नफीसाबाई मासा घ्यायला आल्या नाहीत, तेव्हा मात्र सादोकचं दुकानात लक्ष लागेना.

बाब जब्लीच्या बाजारात त्याचं खारवलेल्या मासळीचं दुकान होतं. ईदच्या सकाळी स्फाक्स शहरातल्या प्रत्येक घरात खारा मासा आणि सोबत शरमूला, म्हणजे कांदा-मनुकांची घट्ट चटणी, हवीच. त्याशिवाय महिनाभराचा उपास सुटल्यासारखा वाटत नाही. त्यामुळे रमजानच्या शेवटच्या दिवसांत सादोकला मान वर करायची फुरसत नसायची. तरी गेली एकोणीस वर्षं तो विसाव्या रोजाच्या सकाळी सगळ्यात जाडजूड हेकरू मासा फडक्याखाली झाकून ठेवायचा आणि कुणी मागितलाच तर "तो गेलाय हो," म्हणून सांगायचा.

दुपारी नफीसाबाई यायच्या. फडकं उचलून माशाला नाक लावायच्या.

"गेल्या ईदचा तर नाही ना हा?"

"गेल्या ईदचा तुम्हीच खाल्लात की, बाई."

मग दरवर्षीचा वाद सुरू व्हायचा. बाई म्हणायच्या, ही खाऱ्या माशाची रीत समुद्रातले स्पंज काढायला आलेल्या ग्रीकांनी इथं आणली. सादोक करकन्ना बेटावरचा. त्याला ते कसं खपणार?

"ग्रीक पोहायला शिकायच्या आधीपासून आमची माणसं मासे खारवतात!"

"पुरावा काय?"

"तो तुमच्या पिशवीत आहे. घरी जाऊन शिजवा."

बाई खुदकन हसायच्या आणि चालू लागायच्या. तेवढ्या भेटीवर सादोकचं वर्ष निघायचं. बहिणींची लग्नं करता करता त्याचं स्वतःचं राहून गेलं होतं. मग एकटं राहायची सवय झाली. आता साठी उलटली होती. नफीसाबाई त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. अर्धं आयुष्य त्यांनी शाळेत शिकवण्यात घालवलं, लग्न केलं नाही, धाकट्या भावाच्या कुटुंबाबरोबर राहिल्या. सादोकच्या मनात काय आहे, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नीटसं सांगितलं नव्हतं.

शेवटी त्यानं समोरच्या मसालेवाल्याला विचारलं.

"तुला ठाऊक नाही?" मसालेवाला म्हणाला. "जिन्यात चक्कर येऊन पडल्या. रक्तदाब. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. दोन महिने झाले, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही."

सादोक दुकानात परतला. दोन महिने! आणि आपण इथं मासे मोजत बसलो.

दुसऱ्या दिवशी तो हेकरू फडक्यात गुंडाळून बाईंच्या दारात उभा राहिला. दार उघडलं भावजयीनं, सुआदनं. वासावरूनच तिला सगळं कळलं.

"सादोकभाऊ, आमच्या माणसाला मारायला निघालात की काय? हा मासा म्हणजे मिठाचा नुसता खडा!"

"कशा आहेत त्या?"

"अंगावर मांस उरलं नाही. अळणी सूप समोर ठेवलं की तोंड फिरवतात. म्हणतात, मी इस्पितळातली चादर खात नाही."

आतून आवाज आला, बारीक, पण तोच. "कोण आहे गं?"

सुआदनं सादोककडे पाहिलं. त्यानं नकारार्थी मान हलवली आणि तो जिना उतरून निघून गेला. बाईंना खाता न येणारा मासा घेऊन त्यांच्यासमोर जायची त्याला हिंमत होईना.

दुकानात परतून त्यानं हेकरूचे तुकडे केले आणि मातीच्या मोठ्या भांड्यात पाण्यात बुडवले. खारा मासा लोक रात्रभर भिजवतात. सादोकनं सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी बदलायला सुरुवात केली. रोजा असल्यामुळे दिवसा चाखायची सोय नव्हती. सूर्य मावळला, रोजा सोडायची तोफ झाली, की खजूर तोंडात टाकायच्या आधी तो माशाचं बोटभर उकडलेलं टोक चाखायचा. पहिल्या दिवशी खारट. दुसऱ्या दिवशीही खारट. बहिणीचा फोन आला तर म्हणाला, "मी मिठाशी भांडतोय, नंतर बोलू." तिसऱ्या संध्याकाळी त्यानं तोंड वाकडं केलं. चाळीस वर्षं मासे खारवणाऱ्या माणसाला ती चव म्हणजे शिक्षाच होती. तो खूश झाला.

एक उकडलेला तुकडा डब्यात घालून तो त्याच वेळी डॉक्टर फुआदच्या दवाखान्यात गेला. रमजानात दवाखाना इफ्तारनंतरच उघडायचा. बाहेर वीस माणसं बसली होती. सादोकचा नंबर आला तेव्हा डॉक्टरनं विचारलं, "काय होतंय?"

"मला काही नाही. हे चाखा."

डॉक्टरनं डबा उघडला, वास घेतला, एक कण जिभेवर ठेवला. "याला चवच नाही."

"हेच ऐकायचं होतं. नफीसाबाईंना चालेल?"

डॉक्टर खुर्चीत मागे टेकला. "त्या माझ्या बाई होत्या. उजळणी चुकली म्हणून पूर्ण तास उभं केलंय मला. तरी सांगतो, कितीही धुतलं तरी मीठ उरतंच. ईदच्या दिवशी दोन छोटे घास. तिसरा नाही. आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत."

"लिहून द्या."

"काय?"

"सुआदवहिनी माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत."

डॉक्टरनं हसत हसत औषधाच्या चिठ्ठीवर लिहून दिलं: हेकरू, दोन घास.

ती चिठ्ठी सुआदनं तीन वेळा वाचली. मग दारातून बाजूला झाली. "आत या. तुमच्या हातानं द्या. मी दिला तर म्हणतील, ही मला फसवतेय."

नफीसाबाई खिडकीशी शाल पांघरून बसल्या होत्या. किती वाळल्या होत्या! सादोकनं धुतलेल्या माशाचं भांडं खाली ठेवलं.

"या वर्षी तुम्ही आला नाहीत, बाई."

"म्हणून दुकान घेऊन आलात?" त्यांनी झाकण उचललं, सवयीनं वाकून वास घेतला. "ग्रीकांना कळलं तर रडतील. केवढं धुतलंत हो याला?"

"नऊ पाण्यांनी."

बाईंनी झाकण ठेवलं. बराच वेळ त्या त्याच्या हातांकडे पाहत राहिल्या. पाण्यात राहून बोटं सुरकुतली होती.

"सुआद," त्या म्हणाल्या, "उद्या कांदे आण. शरमूला माझ्या देखरेखीखाली होईल. बिनमिठाची. आणि तुम्ही ईदला कुठं असता?"

"दुकानाच्या माडीवर. ईदच्या आदल्या संध्याकाळपर्यंत विक्री. मग बेटावरची बोट चुकते."

"म्हणजे सगळ्या गावाला मासा खायला घालता आणि स्वतः?"

"पाव आणि चहा."

"लाज नाही वाटत?" बाई कडाडल्या. दोन महिन्यांत त्या घरात इतका मोठा आवाज झाला नव्हता. स्वयंपाकघरात सुआदनं डोळे पुसले.

मग काय, दोन दिवस घरात कांदे आणि मनुके रटरटत होते. बाई खुर्चीतून हुकूम सोडत होत्या: "हलव! कांदा अजून लाल नाही झाला. घाई झालेली शरमूला म्हणजे जाम."

ईदची नमाज आटोपून सादोक आला तो दाढी करून, पांढरा झब्बा घालून. भाऊ, सुआद, बाई आणि तो असे चौघं बसले. बाईंनी पावाचा तुकडा मोडला, शरमूलेत बुडवला, वर मासा ठेवला. डोळे मिटून चावत राहिल्या.

"फिका आहे," त्या म्हणाल्या.

"आहे, बाई."

"एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला वाईट माल विकलात."

"विकला नाही," सादोक म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

बाईंनी दुसऱ्या घासाला पाव मोडला, आणि तो घास त्यांनी इतका सावकाश खाल्ला, की चहा निवून गेला.

त्यानंतर सादोक रोज संध्याकाळी यायचा. बाईंना धरून आधी जिन्यापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग तटाच्या भिंतीपर्यंत चालवायचा. बदाम फुलले तोवर बाईंच्या हातातली काठी सुटली. एके दिवशी सुआदच म्हणाली, "सादोकभाऊ, रोज दोनदा जिना चढता-उतरता. गुडघ्यांची तरी कीव करा. इथंच राहा की!"

सादोकनं बाईंकडे पाहिलं. बाई शालीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"मला विचारायला एकोणीस वर्षं लावलीत," त्या म्हणाल्या. "इतका मंद विद्यार्थी माझ्या वर्गात नव्हता."

उन्हाळ्यात नगरपालिकेच्या कचेरीत त्यांचं लग्न झालं. बाईंचे जुने विद्यार्थी इतके आले, की खुर्च्या पुरल्या नाहीत. लिहिणाऱ्या कारकुनानं सादोकच्या नावात चूक केली. बाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि पान कारकुनाकडे सरकवलं.

"पुन्हा लिही. नीट लिही. हे नाव आता माझ्या घरातलं आहे."