पिशवीचा की डब्याचा

मामा मला भोंगा म्हणतो. मला राग येत नाही, कारण गेल्या वर्षीपर्यंत हाच मामा आईला विचारायचा, "हिच्या तोंडात जीभ आहे ना नक्की? एकदा उघडून बघितलंस का?" त्यापेक्षा भोंगा कितीतरी बरा.

माझं तोंड उघडलं ते मावशीमुळे. मावशी, म्हणजे आई आणि मामा दोघांची मोठी बहीण, शिवणकाम करते. तिच्या घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. खिडकीपाशी शिलाई मशीन, मधोमध कापड बेतायचं लांबलचक टेबल, भिंतीवर अर्धवट शिवलेले कोट, एका बाहीचे, बिनकॉलरचे. शाळेत बाईंनी मला न विचारता वक्तृत्व स्पर्धेत माझं नाव घातलं, तेव्हा मी रडतरडत तिच्याकडे गेले. तिने टेबलावरचं कापड गुंडाळलं आणि म्हणाली, "चढ वर."

मग रोज संध्याकाळी मी टेबलावर उभी राहून भाषण म्हणायचे आणि ती खाली बसून कुणाच्या तरी झग्याची दुमड टाचत असायची. टाचताना तिच्या ओठांत कायम तीन टाचण्या. त्यामुळे बोलणं शक्यच नाही, नुसतं "हं". पण त्या हं मध्येही प्रकार होते. चढता हं म्हणजे मोठ्याने, शेवटच्या बाकापर्यंत जाऊ दे. तुटका हं म्हणजे कसली गाडी पकडायचीय तुला? आणि नाकातून आलेला लांबलचक हं म्हणजे शाबास. स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला. तेव्हापासून मी थांबलेलीच नाही.

त्यात आमच्याकडे व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचं ठरलं आणि आईने शोधाशोधीचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी भूगोलाच्या वहीची मागची अकरा पानं भरली. खेचण्याची ताकद, आवाज, वजन, वायरची लांबी, सगळ्याचे तक्ते केले. आणलेला व्हॅक्यूम इतका छान निघाला की आईने चार लोकांत माझं कौतुक केलं, आणि झालं! कुणी "घरात जरा धूळ झालीये" एवढं म्हणायचा अवकाश, मी वही घेऊन हजर. शेजारच्या काकूंना सांगितलं, शाळेच्या ग्रंथपालबाईंना सांगितलं. आई तिच्या साहेबांशी फोनवर बोलत होती तर मागून ओरडून त्यांनाही सांगितलं. ते नुसते शिंकले होते.

एका रविवारी आम्ही सगळे मावशीकडे जेवायला जमलो होतो. मावशी वाढतावाढता दोनदा खोकली. मग तिसऱ्यांदा जी खोकायला लागली ती मामीने हातातली वाटी काढून घेईपर्यंत थांबेना.

"काही नाही गं," मावशी म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, कापडाची तुसं छातीत जातायत. झाडू बंद करा म्हणाले, व्हॅक्यूम घ्या. दीड महिन्याने परत तपासणार."

"आणि नाही बरं वाटलं तर?" आईने विचारलं.

"तर मग कापडात बसायचं नाही," असं म्हणून मावशी भाजी वाढायला लागली. जणू उद्या पाणी येणार नाही एवढंच सांगत होती. बावीस वर्षं ती कापडात बसलीये. दुसरं काय करते ती? काहीच नाही. दुसरं काही करायची तिला इच्छाही नाही.

मामा लगेच म्हणाला, "ताई, सरळ पिशवीवाला घे. धूळ आत गेली की पिशवीत बंद. भरली की तशीच टाकून द्यायची."

"पिशवीवाला?" मी खुर्ची मागे सारून उभीच राहिले. "मामा, कुठल्या जमान्यात राहतोस? पिशव्या आणत बसा, बदलत बसा! मावशी, तू बिनवायरचा घे. फक्त अडीच किलो. मशीनच्या पायांखाली आडवा जातो. आणि पारदर्शक डबा, किती कचरा निघाला ते डोळ्यांनी दिसतं."

"पण तुला विचारलंय कोणी?" मामा म्हणाला.

"तुला तरी कुठे विचारलं होतं?" मामी म्हणाली आणि सगळे हसले.

मग काय, मला चेवच आला. मी हात करून, आवाज खालीवर करून, पाच मुद्दे मांडले. शेवटी मामाच्या पिशवीची मी अशी काही नक्कल केली की हसून हसून आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. मावशी हनुवटीला हात लावून ऐकत होती. मी बसले तेव्हा तिच्या नाकातून लांबलचक हं आला. आठवड्याभरात बिनवायरचा व्हॅक्यूम तिच्या घरी पोचला.

मामाचं नाक कापलं गेलं होतं. तो शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. तिच्या सीटांमध्ये बिस्किटांचा इतका चुरा असतो की त्यावर एक कुटुंब जगेल. त्याने हट्टाने स्वतःसाठी पिशवीवालाच आणला. "बघाच आता," म्हणाला.

त्यानंतर मावशीला फोन केला की ती म्हणायची, "झकास चाललाय हो तुझा व्हॅक्यूम." मी खूश.

मग एका दुपारी आमचे शेवटचे दोन तास रिकामे गेले आणि स्कर्टचा हुक तुटला होता म्हणून मी न कळवता तिच्याकडे गेले. दार नुसतं लोटलेलं. खोलीत कुणी नाही. मावशी मागच्या गॅलरीत होती. नाकातोंडाला ओढणीचा तुकडा बांधलेला, मान पार उलटीकडे वळवलेली, आणि लांब धरलेल्या हातांनी ती व्हॅक्यूमचा डबा कचऱ्याच्या पिंपात रिकामा करत होती. आतली तुसं दाबून बसलेली, पडेनात. तिने डबा पिंपाच्या काठावर आपटला. त्याबरोबर करडा लोट उठला आणि वाऱ्याने उलटा तिच्याच तोंडावर आला.

ती खोकायला लागली. कठडा धरला, मग खालीच बसली. मी पाणी आणलं, पाठ चोळत राहिले. आतल्या भिंतीवरच्या घड्याळात मी बघत होते, चार मिनिटं लागली तिला नीट श्वास घ्यायला.

"हे रोज होतं?" मी विचारलं.

"रोज नाही."

"मावशी."

"दिवसातून तीनदा भरतो गं तो. डबा लहान आहे ना. पण हलका आहे हां! तू म्हणालीस तसाच हलका आहे."

मी खोलीत आले. व्हॅक्यूमच्या चार्जरशेजारी फुलाफुलांचं कव्हर घडी करून ठेवलं होतं, कडेला गोट लावलेलं, वर खिसा. तिने त्याच्यासाठी शिवलेलं. टेबलावर एक कोट दुमड घालायला काढला होता, आणि टाचण्या, सगळ्याच्या सगळ्या टाचण्या, मनगटाच्या गादीत खोचलेल्या. ओठांत एकही नाही.

"टाचण्या तोंडात का नाही धरत?"

"खोकला कधी येईल सांगता येतं का? गिळली एखादी म्हणजे?" ती हसली. "तेवढंच जरा हळू होतं काम. एका कोटाला दीड दिवस लागतो."

"मला सांगितलं का नाहीस?"

तिने टेबलाचा खण ओढला. मग माझ्या स्कर्टचा हुक शोधायला लागली, म्हणजे माझ्याकडे बघावं लागणार नाही. "गेल्या वर्षी पाणी हवं असलं तरी तू आईच्या कानात सांगायचीस. त्या दिवशी सगळ्यांसमोर उभी राहिलीस, हात काय, आवाज काय! त्यावर मी म्हणू, की बाई, तुझं चुकलं?"

"हो! तेच म्हणायचं!" मी इतक्या जोरात ओरडले की गॅलरीतली कबुतरं उडाली.

"आवाज छान लागलाय पण," मावशी म्हणाली.

मला हसू की रडू कळेना. डॉक्टरांकडे जायला तीन आठवडे उरले होते. मी दुकानात फोन लावला. वापरलेला माल परत घेत नाही, असं त्यांनी अत्यंत गोड आवाजात सांगितलं. मग अख्ख्या खानदानात पिशवीवाला व्हॅक्यूम कुणाकडे आहे, याचा विचार करायला मला वहीची गरज नव्हती.

मामाचं घर तीन गल्ल्या पलीकडे. जाताना मी मनात वाक्यं रचत होते. "दोघांच्याही मतात तथ्य होतं" हे पहिल्या गल्लीत बाद झालं. "परिस्थिती बदलली आहे" दुसऱ्या गल्लीत. तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी एकच वाक्य शिल्लक होतं.

मामा घराखाली व्हॅनमध्ये अर्धा आत, अर्धा बाहेर होता. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून तीन एक्स्टेन्शनच्या वायरी एकीला एक जोडून खाली लोंबत होत्या आणि खिडकीत मामी त्यांचं टोक धरून उभी होती. व्हॅक्यूम कसाबसा ड्रायव्हरच्या सीटपर्यंत पोचला होता. पुढे जाईना.

"अजून थोडी सोड!" मामा ओरडला.

"अजून काय सोडू? मीच येते आता लोंबकळत!" मामी वरून म्हणाली.

मी व्हॅक्यूमचं बटण बंद केलं. "मामा, तुझं बरोबर होतं."

तो डोकं बाहेर काढून म्हणाला, "काय? मशीनच्या आवाजात ऐकू नाही आलं."

"मशीन बंद आहे."

"तरी नाही आलं. शेवटच्या बाकापर्यंत जाऊ दे की."

मी व्हॅनच्या पायरीवर चढले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझं चुकलं! मावशीला पिशवीवालाच हवा होता! डबा रिकामा करताना सगळी धूळ तिच्याच छातीत जातेय आणि तिचा खोकला वाढलाय!"

मामाचं हसू पुसलं गेलं. "वाढलाय? मला तर म्हणाली झकास आहे."

"मलाही तेच म्हणाली. टाचण्यासुद्धा तोंडात धरत नाही ती."

हे ऐकून मामाने हातातलं नळकांडं खाली ठेवलं. लहानपणापासून त्याने ताईला टाचण्यांशिवाय बघितलेलंच नाही. मग तो वायर गुंडाळायला लागला. "खरं सांगू का भोंग्या? हा मलाही झेपत नाही. रोज हा वायरींचा खेळ. पण तुझ्यासमोर कबूल कोण करणार?"

"दोन आठवडे मी खिडकीत उभी आहे," मामी वरून म्हणाली. "मला विचारलं असतंत तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

आम्ही तडक व्हॅन घेऊन मावशीकडे गेलो. ती नको नको म्हणत होती, तिला मामाने बाहेर गॅलरीत खुर्चीवर बसवलं. मामाने टेबल उचलून धरलं आणि मी खालून, कपाटामागून, मशीनच्या पायडलमधून बावीस वर्षांची तुसं ओढून घेतली. पिशवी गच्च भरली. तिचं तोंड पट्टीने बंद केलं. एक कण उडाला नाही.

"पिशवी मी बदलणार," मी म्हणाले. "दर शनिवारी. तू हात लावायचा नाहीस. आणि मावशी, अजून कुठे त्रास होतो? नीट सांग. मी ऐकतेय."

"कापसाचं अस्तर कापताना," ती म्हणाली. हे माझ्या अकरा पानांत कुठेच नव्हतं. मी लिहून घेतलं. आता अस्तर कापायचं असलं की आधी दोन्ही खिडक्या उघडायच्या आणि कापून झालं की लगेच टेबलावरून व्हॅक्यूम फिरवायचा, असं ठरलं.

बिनवायरचा मामाच्या व्हॅनमध्ये गेला, फुलाफुलांच्या कव्हरासकट. कव्हराशिवाय देणार नाही, अशी मावशीची अट होती. व्हॅनमधल्या मुलांनी त्याचं नाव आजी ठेवलंय.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी मावशीची छाती तपासली. बरीच मोकळी झालीये म्हणाले, काम चालू ठेवा, दोन महिन्यांनी दाखवा. हे मला आईकडून कळलं. पण त्याआधीच्या शनिवारी मी पिशवी बदलून टेबलावर पाय हलवत बसले होते, आणि मामीने कुठली इस्त्री घ्यावी याबद्दल मावशीला सांगत होते. वाफेची का नको, वजन किती हवं, मामीने कुणाचं ऐकू नये. मावशी खाली बसून कोटाची दुमड टाचत होती. बराच वेळ ती काही बोलली नाही, म्हणून मी वाकून बघितलं.

तिच्या ओठांत तीन टाचण्या होत्या.

माझं बोलणं मधेच तुटलं. मावशीने वर बघितलं, भुवया उचलल्या.

"हं?" ती म्हणाली. चढता.

मी टेबलावर उभी राहिले आणि इस्त्रीचा तिसरा मुद्दा पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने सांगायला लागले.