समई जिकडे, कौल तिकडे

जुलै २००४ मधला गुरुवार. धायरीतल्या एका मंगल कार्यालयाबाहेर चपलांचा ढीग, आत माणसांची ही गर्दी, आणि प्रत्येकाच्या हातात नारळाबरोबर बारावीची गुणपत्रिका. अवधूतमहाराज इंजिनिअरिंगचा कौल लावत होते. देवाच्या शिळेवर दोन पाकळ्या पाण्यानं चिकटवायच्या आणि आरती म्हणत थांबायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. होकार कशाला? तर महाराजांच्या ओळखीच्या एका खाजगी कॉलेजात आयटीला प्रवेश घ्यायला.

"उजवा!" महाराज गरजत. "देवानं मुलाची प्रोफाइल क्लिअर केली! चार वर्षांत कंपनी दारात, मग थेट अमेरिका! कर्जाला घाबरू नका हो, कर्ज म्हणजे देवानं दिलेला ॲडव्हान्स!"

मला तिथे बसवत नव्हतं. मी भौतिकशास्त्राची शिक्षिका. माझी विद्यार्थिनी नम्रता आणि तिचे वडील वैजनाथ यांच्याबरोबर मी आले होते आणि सारखी घड्याळ बघत होते. नम्रताला औरंगाबादच्या सरकारी कॉलेजात सिव्हिलची जागा मिळाली होती, फीही किरकोळ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हजर झालं नाही तर जागा गेली. वैजनाथना मात्र पुण्यातलं आयटीच हवं होतं. परभणीहून येऊन, कारखान्यात राबून त्यांनी धायरीत दोन खोल्या बांधल्या होत्या. त्या तारण ठेवून बँकेकडून साडेपाच लाख उचलायचे, असा बेत होता.

"अहो, जरा विचार तरी करा," मी म्हटलं.

"मॅडम, आमच्या गल्लीतला पोरगा आयटीत लागला, चारचाकी घेतली त्यानं. मी काय हौस म्हणून घर तारण ठेवायलोय का? आता देव सांगंल तसं."

नम्रताची नजर देवावर नव्हतीच, शेजारच्या समईवर होती.

तिचा नंबर आला. महाराजांनी प्रेमानं विचारलं, "घर स्वतःचं?"

"व्हय, महाराज."

लगेच त्यांचा चेला शंभू पुढे आला आणि त्यानं समई शिळेच्या उजव्या बाजूला सरकवली. पाकळ्या लागल्या, आरती सुरू झाली. तोच नम्रता उठली आणि तिनं समई उचलून डावीकडे ठेवली.

"ए मुली! देवाच्या समईला हात?"

"इकडे अंधार होता, महाराज. देवाला काय फरक पडतो?"

आरती संपता संपता डावी पाकळी पडली. "देव कोपला!" महाराज ओरडले.

"मग त्याची क्षमा मागून परत विचारू की." तिनं समई उजवीकडे नेली आणि नव्या पाकळ्या लावल्या. या खेपेला उजवी पडली.

"समईची ऊब लागते तिकडचं पाणी आधी सुकतं, म्हणून तिकडची पाकळी सुटते," नम्रता म्हणाली. "सकाळपासून बघतेय मी. घर स्वतःचं म्हटलं की समई उजवीकडे. भाड्याचं म्हटलं की डावीकडे."

"म्हणजे देवही बँकेसारखा आधी तारण बघतो तर!" मी मोठ्यांदा म्हटलं. मला राहवलंच नाही.

वैजनाथ मात्र अडून बसले. "दिव्याचं राहू दे. कॉलेजच्या पुस्तकात छापलंय, सरासरी पगार वर्षाला तीन लाख. ते बी खोटं हाय का?"

"आकडा खरा आहे, बाबा. म्हणून तर माणूस फसतो. त्या कॉलेजातून पास झालेले दोघं बुधवार पेठेतल्या दुकानात कॉम्प्युटर जोडतात. मी त्यांनाच जाऊन विचारलं. साठजणांच्या वर्गात दहा मुलांना कॉलेजातून नोकरी लागली. सरासरी फक्त त्या दहांची. त्यातला एक अमेरिकेला गेला, त्याचे डॉलर रुपये करून त्यात मिळवलेत. बाकी नऊ जणांना दीड-पावणेदोन लाख. उरलेले पन्नास त्या हिशेबातच नाहीत. या दोघांना महिना सात हजार मिळतात, आणि आपला हप्ता बसणार बारा हजारांचा."

वैजनाथ महाराजांकडे वळले. "महाराज, सात हजारांत बारा हजारांचा हप्ता कसा बसवायचा, तेवढं देवाला इचारून सांगा."

महाराजांची तेवढ्यात समाधी लागली.

"चल," वैजनाथ लेकीला म्हणाले. "औरंगाबादची गाडी गाठू."

"बाबा, सिव्हिललाही नोकरीची खात्री नाही हं."

"नसू दे. घर तर ऱ्हाईल." दारात थांबून ते लोकांना म्हणाले, "देवाला काय बी मागा. पण पगार किती ते पगार घेणाऱ्याला इचारा, आन् सही करायच्या आधी इचारा."

रांगेतून तीन-चार जण बाहेर पडले. बाकीचे त्यांच्या मोकळ्या झालेल्या जागेत पुढे सरकले. हे मी लिहिते आहे ते त्या पुढे सरकलेल्यांसाठी.