दुसरा जिना

ब्लेडचं अर्धं पातं बोटांत धरून अनंत त्या डागाकडे बघत बसला होता... हळदीचा डाग, नखाएवढा, नकाशाच्या निळसर कापडावर, नेमका जिथं दुसरा जिना यायला हवा तिथं. काल कुंदानं बोट टेकवून विचारलं होतं, "अहो, इथं चूल ना?" आणि तो हो म्हणून गेला होता. हो म्हणायला काय जातं!

महाराष्ट्र झाल्यापासून दिग्रसचा बाजार पसरत चालला होता, आणि त्या बाजारात फुलचंद शेठना इमारत हवी होती — खाली रस्त्यावर दुकानं, दुकानांमागे रुईचं गोदाम, वर बिऱ्हाडं. वर जायला लाकडी जिना एकच, तोही गोदामाला खेटून. अनंतनं मागून दुसरा काढला, शेठनी खोडायला लावला. पुन्हा काढला, पुन्हा खोडला. शाई खरवडून खरवडून कापड तिथं इतकं पातळ झालं होतं, की आता आणखी एकदा रेघ ओढली तर शाई फुटणारच.

"मले काय, काढा ना जिना," शेठ पान चघळत म्हणाले होते. "पण अनंतराव, तो मांगच्या दोन खोल्या खाते. अन् त्या खोल्या तं म्या मेहनतान्यात तुमालेच देल्या. कायले आपल्याच पायावर धोंडा पाडून घेता?" आणि हसले होते. गोड हसतो मेला!

दोन खोल्या... लग्न झाल्यापासून कुंदा थोरल्या दिराच्या ओसरीवर पडद्याआड संसार करत होती, नवऱ्याचा चहासुद्धा जाऊबाईंना विचारून टाकत होती, पण कधी तोंडातून ब्र काढला नाही. खोल्या कबूल झाल्या त्या दिवशी पडद्याआड ती रडली — की हसली, कोण जाणे. आता तिला सांगायचं, की तुझ्या चुलीवरून जिना जातोय? कुठल्या तोंडानं सांगू?

आणि न सांगावं तर ती रुईची गंजी डोळ्यांपुढून हलत नाही. गेल्या उन्हाळ्यात जिनिंगच्या आवारात रुई पेटली होती. विझली, म्हणून माणसं घरी गेली, आणि आतल्या आत धुमसत राहिलेली ती पहाटे पुन्हा भडकली. तिथं वर कुणी राहत नव्हतं, म्हणून निभावलं. इथं वर पोरंबाळं झोपलेली असतील... संध्याकाळच्या एस. टी.नं नकाशा यवतमाळला छापायला जायचा होता, आणि एकदा छापला की गवंडी त्याच्यावरच भिंती उचलणार. देवा, मला कशाला रे यात घातलंस!

कुंदा चहा घेऊन आली. नकाशावर वाकली.

"अहो, नळ खालीच राहील ना? म्हणजे पाणी याच जिन्यानं आणायचं?"

"याच."

"आणीन की! आपलं घर म्हटल्यावर दिवसभर चढ-उतर करीन."

इतके दिवस त्या इमारतीत भाडेकरू राहत होते, बिनचेहऱ्याचे. आता त्या लाकडी जिन्याच्या वरच्या पायरीवर, हंडा कमरेवर घेऊन, कुंदा उभी होती... आणि खालून धूर येत होता.

अनंतनं पातं डागापाशी नेलं.

"असू द्या हो तो," ती हसून म्हणाली, "आपल्या चुलीची जागा आहे ती."

चहा गार होत होता. एस. टी.ला अजून वेळ होता. तिच्या आनंदाची त्याला इतकी भीती कधीच वाटली नव्हती.