सतराव्या खिशातला बूट

मित्रांनो, मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात लोखंडाच्या खाणींचे एक गाव आहे. तेथील शाळेत, गणिताच्या वर्गाच्या दारामागे कापडी खिशांची एक पट्टी टांगलेली असते. तिच्या सतराव्या खिशात माझे वास्तव्य. मी आलेखही काढून दाखवतो, हे येथे नम्रपणे नमूद करतो.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, हे मला स्मरत नाही. प्रथम डोळे उघडले तेव्हा समोर गणिताच्या झुपानबाई होत्या. त्यांनी माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने सतरा हा आकडा काढला आणि पोटात चार सेल बसवले. बाईंचा नियम एकच होता. ज्याला कॅल्क्युलेटर हवा असेल, त्याने तास संपेपर्यंत आपला एक बूट त्या कॅल्क्युलेटरच्या खिशात ठेवायचा. एका पायाने घरी कोण जाणार? त्यामुळे आमच्यापैकी एकही कधी हरवला नाही.

अनेक हातांनी मला हाताळले. काहींनी आपटले, एकाने माझ्यावर सरबत सांडले. परंतु आयली कोस्केला या मुलीसारखे कोणी मला वागवले नाही. तिचे वडील खाणीत ट्रक चालवीत. ती कॉलेजच्या पातळीचे गणित शाळेतच शिकत होती, ज्याची एपी नावाची परीक्षा मे महिन्यात असते. अवघड उदाहरण आले की ती माझ्या कानाशी पुटपुटे, "बाळा, चुकू नकोस हं." मित्रांनो, यंत्रालाही असे शब्द पुरतात.

मे महिन्याच्या पहिल्या दिवशी शेवटच्या वर्गातील मुले आपापल्या नव्या कॉलेजचे नाव छातीवर मिरवीत आली. आयलीच्या अंगावरही नवा स्वेटशर्ट होता. तिच्या बाकामागचा टकर म्हणाला, "झालं की आता! सोमवारी परीक्षेला कोण बसतंय? तळ्यावरचा बर्फ गेलाय, आम्ही मासे धरायला चाललोय. तू पण चल. कॉलेजवाले काय परत पाठवणार आहेत का तुला?"

आयली हसली. मात्र त्या दिवसापासून वर्गात तिच्या दोन्ही पायांत बूट दिसू लागले. माझ्या खिशात मीच पडून राहिलो.

शुक्रवारी तास सुटल्यावर बाईंनी तिला दारापाशी थांबवले.

"सोमवारी येतेस ना गं?"

"बाई, आता काय उपयोग? प्रवेश तर मिळालाय."

"चांगले गुण पडले तर हाच गणिताचा वर्ग तिथे परत करावा लागत नाही. नाही पडले तर करायचा. त्यापायी प्रवेश कोणी काढून घेत नाही."

आयलीने बाहीचे टोक मुठीत धरले. "आणि मला पाचातला एकच मिळाला तर? मग कळेलच ना सगळ्यांना, की मला चुकून घेतलंय. आमच्या घरात कोणी कॉलेजला गेलेलं नाही, बाई. बाबा अख्ख्या खाणीत सांगत फिरतायत."

बाई हसल्या नाहीत. "गुण आधी तुझ्या हातात येतात. कॉलेजला कळवायचं का, ते तू ठरवायचं. पण वर्षभर घाबरत घाबरत का होईना, तू प्रत्येक गणित शेवटपर्यंत नेलंस. हेच एक अर्धवट का टाकतेस?"

ती पाठपिशवी खांद्यावर टाकून निघून गेली.

सोमवारी सकाळी माझ्या शेजारचे चार खिसे बुटांनी भरले. त्यांत टकरचाही बूट होता. त्याच्या आईने गाडीची किल्ली लपवली होती म्हणे. बाई वारंवार घड्याळाकडे पाहत होत्या. शेवटी दार ढकलले गेले.

"बाई, हा ठेवून घ्या. चिखल लागलाय, माफ करा."

आयलीच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. टकर म्हणाला, "अगं, भोक बुजव. उत्तरं गळतील तिथून!"

"तुझी तर आधीच गळालीत," ती म्हणाली, आणि तिने मला उचलले.

परीक्षा व्यायामशाळेत होती. तिथल्या थंड फरशीवर तिने तो अंगठा दुमडून घेतला. एका उदाहरणापाशी तिचे बोट थांबले. "बाळा, चुकू नकोस हं." मी चुकलो नाही. पुढचे सारे तिचे तिनेच केले.

जुलैत गुण आले. पाचपैकी तीन. तिच्या कॉलेजला चार हवे होते, म्हणजे तो वर्ग तिला पुन्हा करावाच लागणार होता. मी खिशात पुष्कळ विचार केला, की मग त्या सकाळचा उपयोग तो काय झाला.

ऑक्टोबरात तिचे पत्र आले. बाईंनी ते दारापाशी उभ्यानेच मोठ्याने वाचले. "बाई, इथे एका वर्गात दोनशे मुलं बसतात. पहिल्याच दिवशी फळ्यावर जे लिहिलं, ते ओळखीचं निघालं. शेजारची मुलगी रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, थांब, आपण हे शेवटपर्यंत नेऊ. बाई, मला चुकून घेतलेलं नाही."

बाईंनी चष्मा पुसला आणि पत्र माझ्या खिशात, माझ्या पाठीमागे सरकवले. ते अद्याप तेथेच आहे.

आता ही परीक्षा संगणकाच्या पडद्यावर होते आणि कॅल्क्युलेटरही त्या पडद्यातच असतो. माझी त्याबद्दल तक्रार नाही. एवढीच विनंती करतो, की सुट्टी लागण्यापूर्वी आमच्या पोटातले सेल काढून ठेवत जा. ते गळले की आम्ही आतून कुजतो. आणि पुढचे दार उघडले म्हणून हातातले गणित अर्धे टाकून जाऊ नका. अडलेच, तर मी सतराव्या खिशात आहे. येताना चार सेल आणा, आणि एक बूट काढून ठेवायची तयारी असू द्या.