परत न येणारी वेबसाइट

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे, आणि माझा मालक गोरक्ष, त्याचं वागणं मला मुळीच पसंत नाही. माझ्यासारख्या ज्या म्हातारीनं घराला नाव मिळवून दिलं, तिच्याच तोंडी कोणी खोटं घालतं का? त्यानं घातलं.

माझा जन्म दोन हजार तीन सालचा, आळेफाट्याच्या एका कॉम्प्युटर क्लासातला. गोरक्षची आई बानूबाई बेल्हे गावची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. ती सांगत गेली, तो टाइप करत गेला. 'घोंगडी टोचते, म्हणूनच पाठ शेकते. मऊ पाहिजे असेल तर दुसरीकडं बघा,' हे तिनं माझ्या कपाळावरच लिहून घेतलं. फोटो दोनच, तेही तिरके. पण रुबाब बघा. लोकरीवर, पाठदुखीवर लिहिणाऱ्या साइट आपणहून माझा पत्ता देऊ लागल्या. सर्च इंजिन नावाचा पाहुणा सारखा फेऱ्या मारत असतो. तो पानं वाचतो, कोण कोणाचा पत्ता देतं तेही बघतो, आणि त्यावरून पंगत बसवतो. घोंगडी शोधली की पहिल्या पाटावर मी. ऑर्डर आली की बानूबाईची लोकर घोंगड्या विणणाऱ्या ठकूबाईंच्या मागावर चढायची. गावात चालता राहिलेला तो एकच माग.

दोन हजार आठला गोरक्षनं नवी साइट आणली. हलती चित्रं, मोराची पिसं, आणि उघडेपर्यंत चहा गार. तिचं नाव नवं, पत्ताही नवा. माझं सगळं सामान तिकडं गेलं. येईल त्याला नव्या घरी पाठवायचं, एवढंच काम मला उरलं. तेही मी केलं.

पण हे पाठवणं दोन तऱ्हेचं असतं. कायमचं म्हणजे, बिऱ्हाड हललं, यापुढं तिकडंच जा. तात्पुरतं म्हणजे, सध्या तिकडं आहे, परत येईन. गोरक्षनं तात्पुरतं निवडलं. धनगराचं पोर ते. दिवाळीनंतर मेंढरं घाट उतरून कोकणात जातात, पावसाच्या तोंडाला माघारी येतात. त्या घरात गेलेलं परत येतंच. 'कायमचं' म्हणायला त्याचा हात धजला नाही.

माणसांना फरक पडत नाही, ती नव्या घरी पोचतात. सर्च इंजिनला पडतो. तो विचारी, "परत येणार का?" मी म्हणे, "येणार." मग तो पाट माझ्याच नावानं राखून ठेवी, आणि नवी आपली दारात उभी. त्यात भाडं भरून घेतलेल्या माझ्या पत्त्याची मुदत ऐन थंडीत संपणार होती, आणि गोरक्ष ती वाढवणार नव्हता. मी गेले की पाट रिकामा, नवीला ओळख नाही, ऑर्डरी बंद. ठकूबाईंचा लेक तर माग मोडायला टपलेलाच. माझ्या जिवाला थारा नव्हता. दर फेरीला तोंडातून तेच निघे, "येणार."

एकदा बानूबाई त्याच्याशेजारी येऊन बसली. "शोध रं घोंगडी."

त्यानं शोधली. पहिली मीच.

"ही तर जुनी. नवी कुठाय?"

"आये, नवी लई मागं हाये. पण जुनीवर दाबलं की नवीच उघडती. काय बिघडलं?"

"आन जुनी बंद झाल्यावर?"

गोरक्षनं माझी सेटिंग उघडली. मग हळूच म्हणाला, "मी तात्पुरतं ठिवलंय. म्हटलं, नवी न्हाई जमली तर परत येऊ."

मित्रांनो, जुन्या पत्त्याला रिकामं करा, पण त्याच्याकडून खोटं वदवू नका आणि घाईनं त्याला पुसूही नका. बानूबाईनं पदर खोचला आणि गोरक्षला सुनावलं,

"मेंढरं माघारी येत्यात, गोरक्षा. ही म्हातारी न्हाई यायची. 'कायमची हलले' असं तिला सरळ सांगू दे. आन पावण्यांना नवी वाट पाठ व्हईस्तोवर तिचं दार लावायचं न्हाई."